लिबसी नसलेला बोर्ड आणि सीमेकचा हट्ट : टूलचेन फाइल कशी लिहायची?

लिंकरग्रस्त | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

पंपाच्या कंट्रोलरचं फर्मवेअर आहे. चिप एसटीएम३२एफ०३०, म्हणजे कॉर्टेक्स-एम०, ६४ केबी फ्लॅश, ८ केबी रॅम. आजवर चिपवाल्यांच्या आयडीईत बटण दाबलं की बिल्ड व्हायचं. आता ठरलंय की तोच कोड पीसीवर युनिट टेस्टसाठी आणि बोर्डावर खराखुरा, असा दोन्हीकडे सीमेकने (बिल्ड कसं करायचं ते ठरवणारं साधन) बिल्ड व्हायला हवा. वर आणखी एक अट: बोर्डाच्या बिल्डमध्ये स्टँडर्ड सी लायब्ररी, म्हणजे लिबसी, नको. न्यूलिबसुद्धा (छोट्या चिपांसाठीची लिबसी) नको. रॅम तोकडी आहे आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक ओळीचा ऑडिटमध्ये हिशोब द्यावा लागतो.

टूलचेन फाइलमध्ये (कोणता कंपायलर, कोणते फ्लॅग हे सीमेकला सांगणारी फाइल) आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी दिला, कंपाइलच्या फ्लॅगमध्ये 'फ्रीस्टँडिंग' (म्हणजे लिबसी आहे असं धरू नकोस) टाकलं, आणि 'नो-एसटीडी-लिब' (नेहमीच्या लायब्ररी जोडू नकोस) माझ्या टार्गेटच्या लिंक ऑप्शनमध्ये दिलं. सीमेक चालवलं तर पहिल्याच पायरीला ठाम नकार: या सी कंपायलरला साधा चाचणी प्रोग्रॅमही बिल्ड करता येत नाही म्हणे! खाली लिंकरची (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्याची) ओळ, अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'अंडरस्कोर एक्झिट'. न्यूलिब नको म्हटलं तरी बोंबलतंय न्यूलिबच.

नेटवर शोधलं तर एक उपाय जागोजागी दिसतो: 'सीमेक सी कंपायलर वर्क्स' हे व्हेरिएबल स्वतःच ट्रू करून टाका. केलं, पुढे सरकलं, पण काहीतरी चोरटं वाटतंय. लॉगमध्ये एबीआय (पॉइंटरचा आकार वगैरे बायनरी पातळीचे नियम) माहिती मिळाली नाही असंही लिहून येतं. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

वाचनमात्र | सोमवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच चोरटं व्हेरिएबल आहे आणि कुणीच त्याला हात लावत नाही.

अण्णा_एम्बेडेड | सोमवार, रात्री ११:३०

लिंकरग्रस्त, तुमचा कंपायलर धडधाकट आहे. सीमेक सुरुवातीला एक छोटा मेन लिहून कंपाइल करतं आणि लिंकही करतं. या चाचणीला तुमच्या टार्गेटचे ऑप्शन माहीत नसतात, टूलचेन फाइलपुरतंच तिला कळतं. मग लिंकर नेहमीप्रमाणे टूलचेनसोबत आलेलं न्यूलिब आणि त्याची सुरुवातीची फाइल उचलतो. त्यातलं एक्झिट शेवटी 'अंडरस्कोर एक्झिट'ला हाक मारतं, आणि ते लिहायचं काम बोर्डवाल्याचं असतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून चाचणी नापास.

ते जबरदस्तीने ट्रू करणं काढून टाका. त्याने फक्त तपासणी गप्प होते. एबीआय शोधायची पायरी तशीच फसलेली राहते, आणि पॉइंटर किती बाइटचा हे सांगणारं 'सीमेक साइजऑफ व्हॉइड पी' रिकामं राहतं. उद्या कुठल्या लायब्ररीने त्यावर इफ लावला की गंमत.

सरळ रस्ता असा. सिस्टिम नेम 'जेनेरिक' द्या. त्याने सीमेकला कळतं की खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही आणि हे क्रॉस कंपाइल (एका मशीनवर दुसऱ्यासाठी बिल्ड) आहे. मग 'सीमेक ट्राय कंपाइल टार्गेट टाइप' ला 'स्टॅटिक लायब्ररी' द्या. २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून हे आहे. आता चाचणी प्रोग्रॅमची फक्त स्टॅटिक लायब्ररी बनते, लिंकर मध्ये येतच नाही, आणि एबीआयची माहिती त्या लायब्ररीतूनच वाचली जाते.

आणखी दोन गोष्टी, याच फाइलमधल्या. सीपीयू, थंब वगैरे फ्लॅग 'सी फ्लॅग्ज' मध्ये थेट न भरता 'सी फ्लॅग्ज इनिट' मध्ये भरा, म्हणजे वापरणाऱ्याला वरून भर घालता येते. दुसरं, कमांडलाइनवर डॅश-डी ने दिलेलं तुमचं स्वतःचं व्हेरिएबल, समजा बोर्डाचं नाव, टूलचेन फाइलमध्ये वाचत असाल तर चाचणीच्या आतल्या प्रोजेक्टला ते दिसत नाही. टूलचेन फाइल तिथे पुन्हा वाचली जाते आणि ते व्हेरिएबल रिकामं निघतं. त्यासाठी 'ट्राय कंपाइल प्लॅटफॉर्म व्हेरिएबल्स' ची यादी असते, तिच्यात नाव घाला. यावर लोक तासन्‌तास डोकं आपटतात.

डॉर्टमुंडकर | मंगळवार, पहाटे २:१५

अण्णांशी अर्धा सहमत. स्टॅटिक लायब्ररीच्या वाटेला एक मोठा खड्डा आहे, तो सांगितल्याशिवाय कुणी ही ओळ चिकटवू नये.

सीमेकमधलं 'चेक फंक्शन एक्झिस्ट्स' लिंक करून बघतं, फंक्शन सापडलं तर हो. लिंकिंगच काढून टाकलं की ते नंदीबैल होतं. गेटरँडम आहे का? हो. एमएमॅप आहे का? हो. थ्रेड आहेत का? आहेत ना! ८ केबी रॅमच्या चिपवर सगळं आहे. मग बाहेरून घेतलेली लायब्ररी आपल्या कॉन्फिग हेडरमध्ये खुशाल ते सगळं चालू करते, आणि चूक दिसते ती तीन पायऱ्यांनंतर, भलत्याच फाइलमध्ये. 'चेक सिंबल एक्झिस्ट्स' जरा बरं, कारण ते हेडरमध्ये नाव शोधतं. पण न्यूलिबचे हेडर टूलचेनमध्ये पडलेलेच असतात, त्यामुळे तेही फसतं.

ज्याच्याकडे खरोखर लिबसी नाही त्याने उलटं करावं, असं माझं मत. 'नो-एसटीडी-लिब' टार्गेटवरून उचलून टूलचेन फाइलच्या 'एक्झी लिंकर फ्लॅग्ज इनिट' मध्ये टाका आणि चाचणी एक्झिक्यूटेबलचीच राहू द्या. साधा मेन लिंक होतो. सुरुवातीचा सिंबल सापडला नाही म्हणून लिंकर कुरकुरतो, पण ते वॉर्निंग असतं, एरर नाही. आता प्रत्येक फंक्शनच्या चौकशीला खरं उत्तर मिळतं: नाही. तुमच्या प्लॅटफॉर्मवर लिबसी नाही, तर 'नाही' हेच बरोबर उत्तर आहे.

अण्णा_एम्बेडेड | मंगळवार, सकाळी ८:०५

डॉर्टमुंडकर, मुद्दा रास्त आहे. पण तुमच्या पद्धतीत स्वतः लिहिलेल्या मेमकॉपीलाही (बाइट कॉपी करणारं फंक्शन) 'नाही' येतं. मग ती लायब्ररी आपली बदली मेमकॉपी घुसवते आणि लिंकला दोन-दोन निघतात.

माझा अनुभव असा की अशा बोर्डावर कॉन्फिगरला (बिल्डआधीच्या चौकशीच्या पायरीला) काही विचारूच देऊ नये. लायब्ररी ज्या 'हॅव्ह' (अमुक आहे का?) व्हेरिएबलांची चौकशी करते, त्यांची उत्तरं आधीच कॅशमध्ये भरून ठेवायची. व्हेरिएबल आधी ठरलेलं असेल तर सीमेक चाचणी घेतच नाही. फाइल लांबते, पण प्रत्येक हो-नाही कुणीतरी डोळ्यांनी बघून लिहिलेलं असतं. ऑडिटवाल्यांपुढे ठेवायला तर सोन्याहून पिवळं.

ऑटोकॉन्फची (कॉन्फिगरचं आणखी एक साधन) लायब्ररी ओढणार असाल तर तिथलं नाटक वेगळं. क्रॉस कंपाइलमध्ये चाचणी प्रोग्रॅम चालवून बघता येत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते वाईटच धरून चालतं. प्रसिद्ध उदाहरण मॅलॉकचं (मेमरी मागायचं फंक्शन): शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक नल देतो का, हे चालवून बघता आलं नाही की 'देत असेल' असं ठरवतं आणि मॅलॉकच्या जागी 'आरपीएल मॅलॉक' घालतं. ते कुणी लिहिलेलंच नसतं. लिंकर ओरडतो आणि माणूस सगळ्या सोर्समध्ये 'आरपीएल' शोधत बसतो. उपाय तोच, 'कॉन्फिग डॉट साइट' फाइलमध्ये उत्तर आधी लिहून ठेवा.

खडूस_कंपायलर | मंगळवार, सकाळी ९:२०

एक अरसिक प्रश्न. न्यूलिब नको, हे ठरवलं कोणी? नॅनोचा स्पेक (न्यूलिबची छोटी आवृत्ती) घेतला, नोसिसचा स्पेक (ओएसच्या फंक्शनांचे रिकामे ठोकळे) घेतला, झालं काम. एवढी मेमकॉपी लिहित बसायची हौस कशाला?

रजिस्टर_राणी | मंगळवार, सकाळी १०:४५

खडूसजी, नोसिसने काम 'झालं' असं दिसतं खरं. राइट, रीड, एसब्रेक या सगळ्यांचे ठोकळे मिळतात, लिंकर फक्त वॉर्निंग देतो की हे लिहिलेलं नाही आणि नेहमी अपयशी ठरेल. ते वॉर्निंग बिल्डच्या शेकडो ओळींत वाहून जातं. मग फील्डमध्ये कुणाचा तरी प्रिंटएफ मुकाट्याने काहीच छापत नाही. त्यापेक्षा लिंक तुटलेली परवडते.

रॅमचं म्हणाल तर नेहमीच्या न्यूलिबची री-एंट्रन्सची (प्रत्येक थ्रेडची स्थिती वेगळी ठेवणारी) रचना एकटीच जवळपास १ केबी खाते. ८ केबीत ती कुणाला परवडेल? नॅनोमध्ये ती बरीच लहान आहे, हे मान्य. आणि पिकोलिबसी तर याच दुखण्यावर निघालं: कीथ पॅकार्ड यांनी न्यूलिब आणि एव्हीआर-लिबसी यांतले भाग एकत्र करून बनवलं. अट नसती तर मीही तेच सुचवलं असतं. पण धागाकर्त्यांना अट आहे, तर त्यांना अटीतच उत्तर देऊ या.

लिंकरग्रस्त | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. अण्णांचा मार्ग घेतला, डॉर्टमुंडकरांचा इशारा मानून 'हॅव्ह' ची सगळी उत्तरं हाताने भरली. कॉन्फिगर हिरवं.

आता लिंकर म्हणतो मेमसेट सापडत नाही, आणि 'एईएबीआय यूआयडिव्ह' म्हणून काहीतरी सापडत नाही. अहो, मी अख्ख्या कोडमध्ये मेमसेट एकदाही लिहिलेलं नाही, ग्रेप करून बघितलं! आणि ते दुसरं कोण?

रजिस्टर_राणी | मंगळवार, रात्री ९:१०

तुम्ही लिहिलं नसेल, कंपायलरने लिहिलंय. कुठेतरी 'कॅर बफर २५६ बरोबर महिरपी कंसात शून्य' असं असेल, किंवा मोठं स्ट्रक्चर एकातून दुसऱ्यात घातलं असेल. जीसीसी तिथे सरळ मेमसेट किंवा मेमकॉपीला हाक मारतो. त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की फ्रीस्टँडिंग असलात तरी चार फंक्शनं तुम्ही द्यायचीच: मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट, मेमकम्पेअर. लिबसी नाही म्हणजे हे चारही नाहीत, असं धरता येत नाही.

दुसरं आहे ते भागाकार. कॉर्टेक्स-एम० ला भागाकाराची सूचनाच नाही, म्हणून कंपायलर लिबजीसीसीतलं फंक्शन बोलावतो. लिबजीसीसी ही सी लायब्ररी नव्हे, कंपायलरचाच भाग. पण 'नो-एसटीडी-लिब' दोघांनाही एकदम हाकलतं. 'नो-एसटीडी-लिब' हवंच असेल तर लिंकच्या ओळीत सगळ्यात शेवटी लिबजीसीसी परत जोडा. शेवटी म्हणजे शेवटी, आधी जोडलं तर लिंकर ते ओलांडून पुढे जातो. नव्या जीसीसीत 'नो-लिबसी' फ्लॅगही आहे, तो लिबजीसीसी राहू देतो. मात्र तो सुरुवातीच्या फाइलीही राहू देतो, म्हणून सोबत 'नो-स्टार्ट-फाइल्स' लागतंच.

आता मेमसेट लिहायला बसाल तेव्हा सांभाळा. तुम्ही साधा लूप लिहिणार: एकेक बाइट, किंमत भर, पुढे जा. ऑप्टिमायझर बघतो आणि म्हणतो, अरे, हा तर मेमसेटचा लूप! आणि त्याच्या जागी मेमसेटला हाक टाकतो. मेमसेट मेमसेटला बोलावतं, ते परत मेमसेटला. ऑब्जडंप (बिल्ड झालेला मशीन कोड दाखवणारं साधन) लावलं की उघडं दिसतं, मेमसेट नावाखाली एकच शाखा, तीही स्वतःकडेच. जीसीसी १० पासून हे रूपांतर ओ२ (ऑप्टिमायझेशनची पातळी) लाच चालू असतं, आधी ओ३ ला असायचं. नव्या आवृत्त्या थेट स्वतःला हाक मारणं बऱ्याच वेळा ओळखतात, पण भरवशावर राहू नका. त्या एका फाइलला 'नो ट्री लूप डिस्ट्रिब्यूट पॅटर्न्स' हा फ्लॅग द्या. सीमेकमध्ये एका सोर्स फाइलपुरता फ्लॅग देता येतो.

एलटीओ (लिंकच्या वेळचं ऑप्टिमायझेशन) वापरत असाल तर त्याच फाइलला एलटीओ बंद ठेवा. नाहीतर तुमची मेमकॉपी कुणी वापरत नाही म्हणून आधी गळते, आणि नंतर कंपायलर तिलाच हाक मारतो.

हौशी_कर्नल | मंगळवार, रात्री ११:४०

मी विद्यार्थी आहे, घरी छोटी ओएस लिहितोय. उबुंटूच्या नेहमीच्या जीसीसीला फ्रीस्टँडिंग दिलं की पुरतं ना? मला 'स्टॅक चेक फेल' सापडत नाही म्हणतोय.

अण्णा_एम्बेडेड | बुधवार, सकाळी ७:५०

नाही पुरत, बाळा. उबुंटूने त्या जीसीसीत स्टॅक प्रोटेक्टर (तुझं 'स्टॅक चेक फेल' त्याचंच) आणि पाय (पीआयई, कुठल्याही पत्त्यावर चालणारा प्रोग्रॅम) हे दोन्ही आपणहून चालू ठेवलेत, ते लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. एकेक बंद करत बसण्यापेक्षा आय६८६-एल्फ (३२ बिट इंटेल, ओएसविना) साठी क्रॉस कंपायलर बांध. कॉन्फिगरला 'विदाउट हेडर्स' दे, कारण लक्ष्याकडे लिबसी नाही, हेडर आणणार कुठून? मग अख्खं मेक न करता 'ऑल-जीसीसी' आणि 'ऑल-टार्गेट-लिबजीसीसी' एवढ्या दोनच गोष्टी बांध. ६४ बिटवर गेलास की रेड झोन (स्टॅकच्या टोकाखालची जागा, जी कंपायलर राखून न ठेवता वापरतो) बंद करायला विसरू नकोस, इंटरप्ट आला की स्टॅकच्या खालचा भाग तुडवला जातो.

सोलापुरी_चादर | बुधवार, दुपारी १:१५

आमच्या कॉलेजात सीडॅकच्या वेगा प्रोसेसरचा एरीज बोर्ड आलाय, ३२ बिट रिस्क-फाइव्ह, फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नाही. रिस्कव्ही६४-अननोन-एल्फ टूलचेन वापरतोय. कंपाइल छान होतं, लिंकला येतं की सॉफ्ट-फ्लोट आणि डबल-फ्लोट मॉड्यूल जोडता येत नाहीत. मी फ्लोट वापरलेलाच नाही!

रजिस्टर_राणी | बुधवार, दुपारी २:००

एम-आर्क आणि एम-एबीआय (चिपचा प्रकार आणि फ्लोटची पद्धत सांगणारे फ्लॅग) फक्त कंपाइलला दिलंत का? लिंकलाही तेच द्या. एका टूलचेनमध्ये लिबजीसीसीच्या अनेक प्रती असतात, कोणती उचलायची हे लिंकच्या वेळच्या फ्लॅगवरून ठरतं. काहीच दिलं नाही तर ६४ बिटवाली, डबल-फ्लोटची उचलली जाते. 'प्रिंट मल्टी लिब' दिलंत की कोणत्या प्रती आहेत ते कळेल, आणि 'प्रिंट लिबजीसीसी फाइल नेम' तुमच्या फ्लॅगसकट दिलंत की नेमकी कोणती उचलली जातेय तेही.

सोलापुरी_चादर | बुधवार, दुपारी २:२५

तेच होतं! धन्यवाद ताई.

बेझलबुवा | बुधवार, रात्री ८:३०

माझे दोन पैसे. या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एक घोळ आहे. ऑपरेटिंग सिस्टिम नाही आणि लिबसी नाही, हे आपण एकच समजतो. सीमेकचं 'जेनेरिक' फक्त पहिलं सांगतं. बेझलमध्येही (आणखी एक बिल्ड साधन) ओएस 'नन' असं बंधन देता येतं, पण त्यात लिबसीबद्दल अवाक्षर नाही. लिंकरग्रस्तांच्या बोर्डावर ओएस नाही आणि लिबसीही नाही. खडूसजींच्या बोर्डावर ओएस नाही, पण न्यूलिब आहे. प्लॅटफॉर्मच्या वर्णनात हे दोन वेगळे रकाने हवेत.

आम्ही बेझलमध्ये लिबसीचं स्वतंत्र बंधन स्वतः काढलं: काहीच नाही, न्यूलिब, पिकोलिबसी, आणि पीसीची. प्रत्येक लायब्ररी सांगते मला काय लागतं. लिबसी लागणारी गोष्ट कुणी बिनलिबसीच्या प्लॅटफॉर्मला मागितली तर बिल्ड सुरू होण्याआधीच कळतं की हे जुळत नाही. लिंकरपर्यंत जायची वेळच येत नाही.

मेसनमध्ये (तेही बिल्ड साधनच) क्रॉस फाइलला 'सी एसटीडीलिब' म्हणून गुणधर्म आहे. आपली छोटी लिबसी सबप्रोजेक्ट म्हणून द्यायची, मेसन नेहमीची बंद करतं आणि प्रत्येक क्रॉस टार्गेटला आपली जोडतं. मला ही कल्पना सीमेकपेक्षा स्वच्छ वाटते, शिव्या खायची तयारी आहे.

डॉर्टमुंडकर | बुधवार, रात्री ११:०५

शिव्या नाहीत, टाळ्या. रस्ट भाषेवाल्यांनी हे भाषेतच तीन लायब्रऱ्यांत वेगळं केलंय, क्रमाने काहीच न लागणारी, मेमरी मागणारी आणि ओएस लागणारी: कोअर, अ‍ॅलॉक, एसटीडी. पण बिल्डचा घोळ त्यांच्याकडेही झालाच होता. पीसीवर चालणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टने एखाद्या क्रेटचं (रस्टच्या लायब्ररीचं) एसटीडी फीचर चालू केलं की कार्गो (रस्टचं बिल्ड साधन) तेच फीचर चिपसाठीच्या प्रतीलाही लावायचा. १.५१ आवृत्तीत, २०२१ साली, नवा रिझॉल्व्हर आला तेव्हा ते सुटं करता आलं. आपल्याकडे सीमेकमध्ये तर एका कॉन्फिगरला एकच टूलचेन. म्हणून लिंकरग्रस्त, पीसीच्या टेस्ट आणि बोर्ड एकाच बिल्ड डिरेक्टरीत कोंबू नका. दोन प्रीसेट (सीमेकची ठरवून ठेवलेली सेटिंग), दोन डिरेक्टऱ्या.

लिंकरग्रस्त | गुरुवार, रात्री ९:४५

दोन प्रीसेट केले. बोर्ड लिंक झाला, चालूही झाला. स्टार्टअप आधीच्या प्रोजेक्टमधलंच घेतलं, डेटा सेक्शन फ्लॅशमधून रॅममध्ये आणणारं आणि बीएसएस (शून्यापासून सुरू होणारी व्हेरिएबल्स) शून्य करणारं. व्हेक्टर टेबलला (रीसेट आणि इंटरप्टच्या पत्त्यांची यादी) लिंकर स्क्रिप्टमध्ये 'कीप' लावलं, नाहीतर न वापरलेले सेक्शन गाळताना तेही गळत होतं.

शेवटचा प्रश्न. उद्या टीममधला कुणीतरी एसटीडीआयओ हेडर घालणार, स्ट्रिंग हेडर घालणार. न्यूलिबचे हेडर टूलचेनमध्ये आहेतच, त्यामुळे कंपाइल बिनबोभाट होतं. हे दारातच कसं अडवायचं?

अण्णा_एम्बेडेड | गुरुवार, रात्री १०:२०

'नो-एसटीडी-इन्क' द्या. त्याने कंपायलरचे स्वतःचेही हेडर जातात, एसटीडीइंट, एसटीडीडेफ, एसटीडीआर्ग वगैरे, जे फ्रीस्टँडिंगमध्ये हक्काचे आहेत. म्हणून 'प्रिंट फाइल नेम इज इक्वल टू इन्क्लूड' देऊन जीसीसीला त्याच्या हेडरचा पत्ता विचारा आणि तेवढीच डिरेक्टरी सिस्टिम इन्क्लूड म्हणून परत जोडा. फ्रीस्टँडिंग फ्लॅग मात्र काढू नका. तो नसेल तर जीसीसीचं एसटीडीइंट पुढच्या डिरेक्टरीतलं लिबसीचं एसटीडीइंट शोधायला जातं आणि हात हलवत परत येतं.

आणि हेडर न घालता स्वतःच एक्स्टर्न लिहिणारे महाभाग असतात. त्यांच्यासाठी सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचणीत) बाहेरून आलेल्या प्रत्येक स्टॅटिक लायब्ररीवर 'एनएम' चालवून न सापडलेल्या सिंबलांची यादी काढा. ती मेमच्या चौघांपलीकडे, लिबजीसीसीपलीकडे आणि तुमच्या स्वतःच्या फंक्शनांपलीकडे गेली की बिल्ड पाडा.

रजिस्टर_राणी | गुरुवार, रात्री ११:०० 

अण्णांच्या यादीला एक पुरवणी. पुढेमागे क्लँगवर (दुसरा सी कंपायलर) गेलात तर आर्मसाठी तो मेमसेटऐवजी 'एईएबीआय मेमसेट' आणि 'एईएबीआय मेमक्लिअर' अशी नावं बोलावतो. त्यांना आपल्या मेमसेटचं नुसतं टोपणनाव म्हणून जोडू नका. एईएबीआयवाल्यात दुसरा आर्ग्युमेंट लांबी आणि तिसरा किंमत, म्हणजे आपल्या नेहमीच्या मेमसेटच्या उलट. लिंक गुपचूप होते आणि शून्य भरायला सांगितलं की शून्य बाइट भरले जातात.

वाचनमात्र | शुक्रवार, सकाळी ९:०५

आमच्या रेपोत हे टोपणनाव शोधलं. आहे.